उंबराचे झाड व अपेक्षित मुद्दे

मराठीच्या अभ्यासाविषयी आज जो आक्रोश चालू आहे, तो बहुतांशी संख्येचा आहे. किती शाळा बंद पडल्या, किती मुले इंग्रजी माध्यमाकडे वळली, किती वर्ग ओस पडले, यांची चर्चा सभासंमेलनांतून होते आणि ती व्हावयास हवीच. परंतु ज्या शाळा अद्याप चालू आहेत आणि ज्या मुलांच्या हातांत कुमारभारतीचे पुस्तक आहे, त्यांस त्या पुस्तकाचे काय करावयास सांगितले जाते, इकडे आमच्या सुशिक्षित कुटुंबांचे लक्ष सहसा जात नाही. मुलाने स्वाध्याय पुरा केला, वहीत लाल शाईची खूण उमटली, गुण बरे पडले, एवढ्यावर आईबाप संतुष्ट असतात. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, या स्वाध्यायांपैकी दोन प्रकार, एक पात्राचे स्वभावचित्रण व दुसरा कवितेतील प्रतीकाचा उलगडा, आज ज्या रीतीने लिहून घेतले जातात, त्या रीतीने मुलास वाङ्मय तर कळत नाहीच. उलट जे आपण पाहिले नाही त्याची साक्ष देण्याची सवय मात्र लागते. आरोप कडक आहे, तेव्हा तो पुराव्यानिशी मांडणे प्राप्त आहे.

बालकवींची 'औदुंबर' ही कविता आठ ओळींची आहे. त्र्यंबक बापूजी ठोमरे हे १८९० साली धरणगावास जन्मले आणि १९१८ साली भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून वारले. अठ्ठावीस वर्षेही पुरी न झालेल्या या आयुष्यातील या आठ ओळींवर मराठी समीक्षकांनी जितकी शाई खर्च केली आहे, तितकी आमच्या कित्येक महाकाव्यांच्याही वाट्यास आली नसेल. कोणास त्या झाडात विरक्त योगी दिसला, कोणास कवीची उदासीनता, कोणास मृत्यूची सावली, कोणास दत्ताचे स्थान; आणि कोणी निक्षून सांगितले की, हे निव्वळ निसर्गचित्र आहे, त्यात आणखी काही शोधू नका. हा वाद होणे हे त्या कवितेचे वैभवच होय. पण हाच वाद शाळेच्या पायरीशी आला म्हणजे त्याचे काय होते पाहा. तेथे तो एका वाक्याचा होतो. औदुंबर हे विरक्तीचे व चिंतनशीलतेचे प्रतीक आहे, असे मार्गदर्शिकेत छापलेले असते. मुलाने ते वहीत उतरावयाचे, शिक्षकाने त्यापुढे खूण करावयाची, आणि कविता संपली.

कुंडलिका नदीच्या एका तीरावर रोहे व दुसऱ्या तीरावर अष्टमी अशी ही दोन गावे आहेत. नगरपरिषद दोघांची मिळून एकच. अष्टमीस आमच्या आप्तांच्या घरी दोन मुलींच्या वह्या पाहण्याचा योग आला. दोघी एकाच वर्गातल्या. पूरक वाचन म्हणून ही कविता त्यांस दिलेली होती आणि त्यांवरील प्रश्न चार गुणांचा होता. पहिलीने वर सांगितलेले वाक्य लिहून त्याखाली आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य व भाषिक सौंदर्य अशी तीन उपशीर्षके घातली होती आणि प्रत्येकाखाली कोणत्याही कवितेस लागू पडतील अशी दोन-दोन वाक्ये दिली होती. तिला साडेतीन गुण. दुसरी मुलगी नदीपासून आत असलेल्या एका वाडीतून शाळेत येते. तिने लिहिले होते की, आमच्या ओढ्यावर उंबर आहे, त्याची मुळे पाण्यात गेली आहेत. पिकलेली फळे पाण्यात पडतात आणि मासे ती खातात. त्या झाडाखाली चिलटांमुळे फार वेळ बसवत नाही, म्हणून तेथे सहसा कोणी नसते. आणि मग तिने असे लिहिले होते की, कवीला आधी लांबचे गाव दिसले, मग शेते, मग वाट, मग पाणी. पण इतके सगळे दिसूनही माणूस एकही दिसला नाही, शेवटी झाडच भेटले. या उत्तरास एक गुण मिळाला होता आणि समासात शेरा होता: 'अपेक्षित मुद्दे नाहीत.'

त्या शिक्षकांचे नाव वा शाळा सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. त्यांच्या जागी दुसरे कोणी असते तरी, पुढ्यात ठेवलेल्या नमुना-उत्तराशी ताडून पाहता, त्यांसही एकच गुण द्यावा लागता. परंतु शेरा खोटा नसून प्रश्नच खोटा आहे, हे आम्हांस सांगावयाचे आहे. त्या मुलीने आठ ओळी खरोखर वाचल्या होत्या. दृष्टी दुरून जवळ कशी येते हे तिने पाहिले. आणि इतक्या वस्तीच्या, इतक्या पायवाटांच्या त्या चित्रात एकही मनुष्य नाही, ही गोष्ट तिच्या ध्यानात आली. महाविद्यालयात तीस वर्षे ही कविता शिकविताना आम्ही पुष्कळ निबंध तपासले आहेत. तिच्या या एका निरीक्षणाच्या तोलाचे त्यांत फार थोडे होते. झाडाच्या त्या एकटेपणास विरक्ती म्हणावे की उदासीनता, हा पुढचा प्रश्न. तिने जे टिपले त्यावाचून त्या दोन्ही शब्दांस तेथे उभे राहावयास जागाच नाही.

आमच्या भाषेत क्वचित दृष्टीस पडणाऱ्या माणसास उंबराचे फूल म्हणतात. ते फूल दिसत नाही, कारण ते फळाच्या पोटात असते. फळ फोडल्यावाचून ते पाहावयास मिळत नाही. ज्या मुलीच्या ओढ्यावर उंबर आहे तिला हे ठाऊक आहे. तिच्या या ज्ञानास वहीत शून्य किंमत, आणि ज्याने उंबर कधी हातात धरला नाही त्याच्या 'चिंतनशीलते'स साडेतीन गुण, असा हा व्यवहार आहे. यात नुकसान कोणाचे होते हेही सांगितले पाहिजे. शहरी, सुशिक्षित घरातील मूल घरच्या बोलण्यातून, शिकवणीतून, विकत आणलेल्या मार्गदर्शिकेतून ते ठरीव शब्द उचलते. शेतकऱ्याच्या, कोळ्याच्या, कातकऱ्याच्या मुलापाशी ते शब्द नसतात. त्याच्यापाशी असते ती वस्तू. आणि वस्तूवाचून शब्द चालेल पण शब्दावाचून वस्तू चालणार नाही, असा निवाडा आमची परीक्षा रोज देत आहे.

प्रतीकाचा हा समीकरणवजा अर्थ कोठून आला, असे कोणी विचारील. काही लोक याचे खापर इंग्रजी समीक्षेवर फोडतात. त्यांस आमचे सांगणे असे की, आपला अपराध दुसऱ्याच्या माथी मारू नका. खापर फोडावयाचेच तर आपण आपलाच वारसा विसरलो यावर फोडा. अकराव्या शतकातील मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या पाचव्या उल्लासात एक अगदी साधे वाक्य घेतले आहे: सूर्य मावळला. या वाक्याचा वाच्यार्थ एकच. पण सुचविलेला अर्थ मात्र बोलणारा कोण, ऐकणारा कोण, प्रसंग कोणता, यांप्रमाणे पालटत जातो. तेच वाक्य सैनिकास सांगते की शत्रूवर चालून जाण्याची वेळ झाली; अभिसारिकेस सांगते की निघ; मजुरास सांगते की काम आटोप; ब्राह्मणास सांगते की संध्येस बस; गुराख्यास सांगते की गुरे घराकडे वळीव; दुकानदारास सांगते की माल आवर. मम्मटाची यादी याहून लांब आहे आणि ती संपावयाची नाही, हेच तिचे मर्म आहे. आता हेच वाक्य आमच्या मुलांपुढे ठेवा. मार्गदर्शिका सांगेल: मावळता सूर्य हे आयुष्याच्या अखेरीचे प्रतीक आहे. नऊ-दहा शतकांपूर्वी ज्या भूमीत इतका सूक्ष्म विचार झाला, तेथे आज सूर्य केवळ मरणासाठीच मावळतो, याचा विषाद कोणास वाटू नये काय?

आणि हा विचार शिकविण्यास फार दूर जावयास नको. धाटावच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीस गेलेल्या बापाच्या मुलास विचारा, सूर्य मावळला म्हणजे काय. पेणच्या गणपतीच्या कारखान्यातल्या मुलास श्रावणात विचारा. तो म्हणेल, ओल्या मूर्ती आज वाळावयाच्या नाहीत. मग त्यांस विचारा की, कवितेत हे वाक्य कोण कोणास म्हणत आहे. झाली ध्वनिविचाराची पहिली पायरी. तिला पैसा लागत नाही.

नदीचेही तसेच. नदी हे अखंड जीवनप्रवाहाचे प्रतीक आहे, हे वाक्य अष्टमीच्या मुलाने लिहावे यात जो विनोद आहे तो लिहवून घेणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. त्याच्या दारची कुंडलिका पाहा. मुळशीस धरण बांधून अडविलेले पाणी, जे एरवी पूर्वेस पुण्याकडे वाहत गेले असते, ते सह्याद्रीच्या कड्यावरून नळांवाटे खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरते आणि तेथून कुंडलिकेस मिळते. ते वीजघर १९२७ साली सुरू झाले. त्या धरणाखाली आपल्या जमिनी जाऊ नयेत म्हणून मावळातील शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. सत्याग्रह हरला आणि गावे बुडाली. विजेची निकड असेल तसे वरून पाणी सुटते आणि खाली कोलाडाकडे नदी चढते वा उतरते. पुढे रासायनिक कारखाने, त्यांच्या सांडपाण्याविषयीच्या वर्षानुवर्षांच्या तक्रारी, आणि मग रेवदंड्याची खाडी. या नदीचा प्रवाह अखंड नाही. तो कळ फिरविल्याने येतो आणि कळ फिरविल्याने ओसरतो. या पाण्यात जिंकणाऱ्यांची वीज आहे आणि हरलेल्यांचे शिवार आहे. एवढा अर्थ ज्या नदीच्या पोटात साठला आहे, तिच्या काठी बसून मुलाने 'जीवनप्रवाह' हा शब्द घोकावा! प्रत्येक नदीकवितेत मुळशीचा सत्याग्रह शोधावा असे आमचे म्हणणे नाही, हे जाणूनबुजून विपर्यास करणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो. आमचे म्हणणे एवढेच की, ज्याला आपली नदी पाहण्याची सवय आहे, तोच कवीची नदी निराळी कोठे आहे हे ओळखील.

रोह्याशी ज्यांच्या घराण्याचा संबंध, ते चिंतामणराव देशमुख (१८९६–१९८२) १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांनी 'मेघदूता'चे मराठीत भाषांतर केले, हे पुष्कळांस ठाऊक आहे. ज्याच्या सहीवर नोटेची किंमत अवलंबून होती, त्या गृहस्थास शब्दामागे तारण लागते हे निराळे सांगावयास नको होते. आणि 'मेघदूत' म्हटले की मल्लिनाथाची आठवण होते. त्या टीकाकाराने आरंभीच अशी प्रतिज्ञा केली आहे की, मुळात ज्याला आधार नाही असे काही लिहिणार नाही आणि अनावश्यक काही बोलणार नाही. आमच्या शालेय रसग्रहणांस ही कसोटी लावून पाहावी. 'कवीने अतिशय सुंदर शब्दांत', 'वाचकाच्या मनाला भिडणारे', 'मनोहारी चित्रण' या शब्दप्रयोगांस मुळात कोणता आधार आहे? ज्या ओळीवर बोट ठेवता येत नाही, ते विधान वहीत येता कामा नये, एवढा एक नियम शाळांनी पाळला तर निम्मी मार्गदर्शिका आपोआप कोरी पडेल.

आता स्वभावचित्रणाकडे वळू. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि ती १९३५ साली प्रसिद्ध झाली. त्या आईचे स्वभावचित्र लिहा, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातील लक्षावधी मुलांनी एकच दिले असेल: ती प्रेमळ, संस्कारशील, स्वाभिमानी व धार्मिक वृत्तीची आहे. ही विशेषणे खोटी नाहीत, निरुपयोगी आहेत. कारण ती महाराष्ट्रातील कोणत्याही गोष्टीतल्या कोणत्याही आईस चिकटविता येतात. पोहण्याचा प्रसंग आठवा. मुलगा पाण्याच्या भीतीने लपून बसतो. आई त्यास ओढून काढते, शिमटीने मारते आणि विहिरीवर धाडते. तो पोहून आल्यावर तीच आई त्याच्यासाठी ठेवलेले दही त्यास देते आणि त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचे डोळे भरून येतात. आता सांगा, मारणारी आई खरी की दही राखून ठेवणारी? दही तिने आधीच राखून ठेवले होते, म्हणजे हाती शिमटी होती तेव्हाही ते तिच्या मनात असणारच. स्वभाव असतो तो या दोन कृतींच्या मधल्या जागेत. आणि 'प्रेमळ' हा शब्द नेमकी तीच जागा बुजवून टाकतो. मुलास विचारावयाचे ते असे: तिने मारले नसते तर काय झाले असते, दही दिले नसते तर काय झाले असते, आणि दोन्हींचा क्रम उलटा असता तर ती तीच आई राहिली असती काय? या प्रश्नांस दहा मुले दहा उत्तरे देतील आणि त्यांतली सात तरी ऐकण्यासारखी निघतील.

'एकच प्याला'तील सिंधू ही अशीच विशेषणांखाली पुरली गेलेली बाई आहे. गडकरी १९१९ च्या जानेवारीत वारले आणि नाटक त्याच वर्षी, त्यांच्या मागे, रंगभूमीवर आले. सिंधू ही आदर्श पतिव्रता, येथे आमचे स्वभावचित्र थांबते. परंतु नवऱ्याच्या हातून झालेल्या आघाताने मरणोन्मुख असता ती पोलिसांपुढे खोटी जबानी देऊन त्यास वाचवू पाहते. साऱ्या नाटकभर सत्य जपणाऱ्या बाईचे हे खोटे. ऑथेल्लोने गळा दाबल्यावर डेस्डिमोनाही असेच एक खोटे बोलून जाते, आणि इंग्रजीच्या वर्गात आम्ही त्यावर तासन्‌तास बोलतो. सिंधूच्या खोट्याविषयी मात्र 'पातिव्रत्याची परिसीमा' हे दोन शब्द पुरे! हे खोटे थोर की घातक, त्याने सुधाकर वाचला की अधिक बुडाला, आजच्या मुलीने त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हे विचारण्याचे धैर्य एकाही प्रश्नपत्रिकेत आमच्या पाहण्यात आले नाही. ब्रॅडलेने १९०४ साली शेक्सपिअरची पात्रे जणू शेजारी राहणारी माणसे आहेत अशा रीतीने उलगडली. १९३३ साली नाइट्सने, लेडी मॅक्बेथला मुले किती होती असा खोचक मथळा देऊन त्या पद्धतीची थट्टा केली. आम्हांपुरते बोलावयाचे तर, ब्रॅडलेचा दोष आमच्या शाळांस लागेल तो सुदिन. पात्रास शेजारी मानण्याइतका तरी जिव्हाळा त्यात होता.

प्रतिपक्ष दोन आहेत. पहिला रसिकांचा. ते म्हणतात, कवितेची चिरफाड करूच नका, मुलांस नुसती ती अनुभवू द्या. हे ऐकावयास गोड आहे, परंतु आमच्या अनुभवास असे आले आहे की, ज्यांस नुसते अनुभवावयाचे असते ते बहुधा दुसऱ्यांदा वाचीत नाहीत. त्या वाडीवरच्या मुलीने चिरफाडच केली होती. म्हणून तर तिला माणूस नसल्याचे दिसले.

दुसरा पक्ष अधिक वजनदार आहे, आणि त्याचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. हे लोक म्हणतात: ठरीव मुद्दे हाच गरिबाच्या मुलाचा आधार आहे. घरी ज्याला कोणी सांगणारे नाही, त्यास चार मुद्दे पाठ करून पुढे सरकता येते. 'तुझ्या मनाने लिही' म्हटले की पुन्हा सुशिक्षितांचीच मुले पुढे जातील. आणि राज्यभर एकसारखी तपासणी व्हावयाची तर नमुना-उत्तर हवेच. यातील शेवटचा भाग आम्हांस मान्य आहे. साचा हा स्वतः दोष नव्हे. पेणेस हजारो मूर्ती साच्यातूनच निघतात; पण साच्यातून निघालेल्या मूर्तीस डोळे नसतात, ते कसबी कारागीर हाताने रेखतो आणि तोवर तिला कोणी गणपती म्हणून घरी नेत नाही. मुद्यांचा साचा द्या: कोणती ओळ, तीत काय दिसते, ते तुझ्या पाहण्यातल्या वस्तूशी कोठे जुळते व कोठे जुळत नाही, त्यावरून तुला काय वाटते. हाही साचाच आहे, यालाही गुण वाटून देता येतात, आणि तपासणी एकसारखी होऊ शकते. फरक एवढाच की, यात विशेषण शेवटी येते आणि त्याचे तारण आधी द्यावे लागते. आणि गरिबाच्या मुलाचे म्हणाल तर, वरच्या दोन वह्यांत आधार कोणास मिळाला व दंड कोणास झाला, हे वाचकांनी पाहिलेच आहे.

शिवाय एक नवी गोष्ट अशी झाली आहे की, या पक्षास आता आपले ठाणे राखताही येणार नाही. खिशातल्या मोबाईलवर प्रश्न सांगितला की अपेक्षित मुद्दे उपशीर्षकांसह अर्ध्या मिनिटात लिहून मिळतात. हे यंत्र मार्गदर्शिकेहून नीटनेटके लिहिते आणि शुद्धलेखनही चुकत नाही. त्यावर बंदी घालण्याच्या गोष्टी चालल्या आहेत. परंतु ज्याने उंबर पाहिला नाही, नदी पाहिली नाही, ज्यास आई नाही, अशा यंत्राने ज्या प्रश्नाचे उत्तर पैकीच्या पैकी गुण मिळवील असे द्यावे, तो प्रश्न विद्यार्थ्यास विचारण्यात हशील ते काय?

राहता राहिली शिक्षकांची अडचण. एकेका शिक्षकास साठसत्तर वह्या, त्यांत निवडणुकीची कामे, माहितीचे तक्ते, आणखी दोन विषयांचे तास. ठरीव मुद्याशी ताडून वही तपासावयास दोन मिनिटे लागतात. मुलाने खरोखर काय पाहिले हे वाचावयास दहा लागतील. हे आम्हांस नाकबूल नाही. परंतु मग ही तक्रार वाङ्मयाविरुद्ध नसून रिकाम्या ठेवलेल्या जागांविरुद्ध व अशैक्षणिक कामांविरुद्ध आहे, असे शिक्षकांनी स्पष्ट म्हणावे. तसा अर्ज ते शिक्षणखात्याकडे धाडणार असतील, तर प्रस्तुत लेखकाची सही त्याखाली घालावयास तो अष्टमीपर्यंत येण्यास तयार आहे.